समासातील साक्ष आणि डागडुजीची कातर

एखादे जुने मिशन-केंद्र बंद झाले, किंवा एखादे वृद्ध पाळक प्रभूमध्ये निजले, म्हणजे त्यांच्या ग्रंथांचे पुढे काय होते हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. थोडे ग्रंथ नातलग सेमिनरीस देतात, थोडे मंडळीच्या कपाटात कसरीच्या स्वाधीन होतात आणि उरलेले वजनावर विकले जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानी जाऊन पडतात. तेथून एखादा विद्यार्थी वा धर्मशिक्षक रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरील एखादे भाष्य अल्प मोलात घेऊन येतो. उघडून पाहतो तो पानोपान अधोरेखा, समासात पेन्सिलीच्या बारीक नोंदी, मध्येच निळ्या शाईचा फराटा, कोठे तारीख, कोठे नुसतेच उद्गारचिन्ह. पहिली प्रतिक्रिया बहुधा नाराजीची होते. दुसरी, खोडरबर शोधण्याची.

प्रस्तुत लेखातील टीका या दुसऱ्या प्रतिक्रियेवर आहे. खुणा झालेले पान हे बिघडलेले पान होय, आणि डागडुजी करणे म्हणजे ते पान छापखान्यातून निघाले तेव्हा जसे होते तसे करणे होय, ही समजूत आपल्या ग्रंथालयांत इतकी रूढ झाली आहे की तिची कोणी चौकशीही करीत नाही. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती आल्या तर कोरी प्रत फडताळात जाते, आणि वापरलेली प्रत ‘दुबार’ असा शेरा मिळून बाहेर पडते. सामान्य ग्रंथविक्रेत्याने ही समजूत बाळगली तर ते क्षम्य आहे. त्यास पुस्तक विकावयाचे असते. परंतु ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाने ती बाळगणे हे नवल आहे. ज्या शास्त्राच्या आधारे तो उपदेश करतो, ते शास्त्र खुणा पुसून नव्हे, तर खुणा राखून त्याच्या हाती आलेले आहे.

या बाबतीत एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे.

ल्यूथरपंथी पंडित आब्राहाम कालोव यांनी लूथरकृत जर्मन बायबलाचा पाठ, लूथरच्याच लेखनातील उतारे आणि स्वतःचे विवरण यांची गुंफण करून एक भाष्य-बायबल सिद्ध केले. ते विटेनबर्ग येथे १६८१-८२ साली छापले गेले. त्याचा तीन जाड खंडांत बांधलेला एक संच लायप्झिग येथील सेंट थॉमस मंदिराचे संगीतप्रमुख योहान सेबास्टियन बाख यांच्यापाशी होता. तिन्ही खंडांच्या शीर्षकपानांवर बाख यांची सही असून १७३३ हे साल घातलेले आहे. अर्थात ग्रंथ तेव्हाच पन्नास वर्षांचा जुना होता. बाख १७५० साली वारले. त्यांच्या मालमत्तेची जी यादी झाली तीत धार्मिक पुस्तकांमध्ये कालोव यांचे हे तीन खंड नोंदलेले आहेत. त्यानंतर त्यांचा माग हरपतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका जर्मन वंशाच्या कुटुंबाने ते विकत घेतले आणि पुढे ते मिशिगन राज्यातील फ्रँकेनमुथ या गावी त्या घराण्यातच राहिले. १९३४ साली धर्मसभेनिमित्त तेथे उतरलेल्या एका ल्यूथरन पाळकांनी यजमानांच्या घरी हा ग्रंथ पाहिला व शीर्षकपानावरील सही त्यांच्या ध्यानात आली. १९३८ साली हे खंड सेंट लुईस येथील कॉनकॉर्डिया सेमिनरीच्या ग्रंथालयास मिळाले व आजही ते तेथेच आहेत. हा शोध संगीताच्या प्राध्यापकास लागला नाही, पाहुणा म्हणून गेलेल्या एका पाळकास लागला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी विसरू नये.

या खंडांत बाख यांनी जे लिहिले ते परिमाणाने थोडे आहे. अधोरेखा व समासातील खुणा मात्र शेकडो आहेत. कोठे छापताना गळलेले शब्द त्यांनी स्वहस्ते भरून पाठ पुरा केला आहे. म्हणजे हे खंड केवळ शोभेसाठी ठेवलेले नव्हते, कोणी ते ओळीने वाचीत होते. शब्दरूप नोंदींपैकी चार विशेष प्रसिद्ध झाल्या आहेत. निर्गम १५ मध्ये मिर्याम डफ घेऊन स्त्रियांपुढे गाऊ लागते, तेथे दोन गायकवृंदांनी देवाच्या गौरवार्थ गावयाच्या पहिल्या गीतरचनेचा उल्लेख बाख करतात. दाविदाने गायक व वादक नेमले त्या १ इतिहास २५ या अध्यायापाशी, देवास संतोषविणाऱ्या सर्व उपासना-संगीताचा खरा पाया हाच, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्याच पुस्तकाच्या २८ व्या अध्यायाच्या शेवटी, उपासनेच्या इतर व्यवस्थेबरोबर संगीतही देवाच्या आत्म्याने दाविदाच्या द्वारे स्थापिले याचा हा उत्तम पुरावा असल्याचे ते म्हणतात. आणि २ इतिहास ५:१३ येथे, कर्णे व गायक एकस्वराने स्तुती करू लागताच मंदिर मेघाने भरले, तेथे भक्तिभावाच्या संगीतप्रसंगी देवाची कृपामय उपस्थिती असते असे त्यांनी टिपून ठेवले आहे.

या चार नोंदींचे मोल त्या ज्या वादात साक्षीस आल्या त्यावरून कळते. गेल्या शतकाच्या मध्यास बाख यांच्या गीतरचनांचा कालक्रम नव्याने ठरला, आणि पूर्वी आयुष्यभर पसरलेल्या मानल्या जाणाऱ्या उपासना-रचनांपैकी बहुतेक लायप्झिगमधील पहिल्या काही वर्षांतच झाल्याचे दिसून आले. त्यावरून फ्रीडरिख ब्लूमे या मोठ्या संगीतेतिहासकाराने १९६२ साली मायन्ट्स येथील व्याख्यानात असा प्रश्न उभा केला की, मंदिराचा भक्त सेवक हे बाखचे परंपरागत चित्र खरे मानावे काय? नोकरीचा भाग म्हणून त्याने ही रचना केली, अंतरीची ओढ म्हणून नव्हे, असे का म्हणू नये? प्रश्न गंभीर होता आणि भावनेच्या भरात त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. पुरावा हवा होता. कालोवचे हे खंड तोवर तीस वर्षे सेमिनरीत होते, परंतु विद्वानांचे त्यांकडे खरे लक्ष गेले ते १९६९ नंतर. उत्तरायुष्यातील बाख, ज्यास दर आठवड्यास नवी रचना करण्याची निकड उरली नव्हती, तो घरी बसून इतिहासाच्या पुस्तकांतील लेव्यांच्या याद्या वाचीत होता आणि त्यांत स्वतःच्या पेशाचा आधार शोधीत होता, हे या समासांनी दाखविले. ब्लूमे यांचा कालक्रम खोटा ठरला नाही. त्यावरून काढलेले अनुमान मात्र डळमळले.

आता कल्पना करा की फिलाडेल्फियातील एखाद्या विक्रेत्यास हे खंड ‘स्वच्छ’ करून विकावेसे वाटले असते.

अधोरेखांच्या बाबतीत तर हे प्रकरण आणखी बोधप्रद आहे. अक्षर ओळखता येते, पण निव्वळ रेघ कोणाची हे कसे सांगावे? तीन शतकांत हा ग्रंथ अनेकांच्या हातून गेला; कोणीही रेघ ओढलेली असू शकते. १९८० नंतरच्या काही वर्षांत हॉवर्ड कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अणुप्रयोगशाळेत या पानांवर प्रोटॉन-किरणांचा सूक्ष्म झोत टाकून शाईतील धातूंचे प्रमाण मोजले. पानास इजा न होता हे करता आले. बाख यांच्या निःसंशय अक्षरांची शाई आणि अधोरेखांची शाई ताडून पाहता पुष्कळशा अधोरेखा त्यांच्याच असल्याचा निष्कर्ष निघाला. १९८५ साली कॉक्स यांचा ग्रंथ व रॉबिन लीव्हर यांचे विवेचन अशी दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. बिनशब्दांची रेघ, जी पुसावयास कोणाचाही हात कचरत नाही, तीही अशी बोलती झाली.

लीव्हर यांचे विवेचन संयमी आहे. त्यांच्यामागून आलेल्या भाविक लेखकांविषयी तसे म्हणता येत नाही. प्रत्येक रेघ म्हणजे एक आध्यात्मिक कबुली असे धरून बाखचे सबंध अंतःकरण वाचून दाखविणारे लेख निघाले, आणि तेही एक प्रकारे पान खराब करणेच होय. मनुष्य ज्या ओळीखाली रेघ ओढतो ती त्यास मान्यच असते असे नाही. कधी ती पाठांतरासाठी असते, कधी खंडनासाठी, कधी केवळ पुढील रविवारी कोठून आरंभ करावयाचा हे लक्षात राहावे म्हणून. ज्यांनी स्वतः उपदेश तयार केले आहेत त्यांना हे सांगावयास नको. समास साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

पुसलेल्या खुणांचे काय होते याचेही एक उदाहरण देतो. अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल यांनी १८५० साली टॉमस बील यांचे शुक्राणू-देवमाशावरील पुस्तक विकत घेतले व पेन्सिलीने त्यात नोंदी केल्या. ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ साली निघाली, तिचा हा एक मुख्य आधारग्रंथ. पुढे कोणाच्या तरी हातून त्यातील नोंदी खोडल्या गेल्या. हार्वर्डच्या ग्रंथालयात ही प्रत आहे. स्टीव्हन ओल्सन-स्मिथ या अभ्यासकांनी खोडलेल्या नोंदींपैकी पुष्कळ मजकूर कष्टाने परत मिळविला. पेन्सिलीचा दाब कागदात उमटलेला राहतो, आणि तिरप्या प्रकाशात त्याच्या खाचा दिसतात, म्हणून हे शक्य झाले. पाच मिनिटांच्या खोडरबराने जे गेले ते परत आणण्यास अभ्यासकांची वर्षे लागली.

आणि परत आणण्याच्या उतावीळपणातही धोका असतोच. पॅरिस येथील एफ्राईम-संहिता या नावाने ओळखला जाणारा ग्रीक बायबलाचा हस्तलेख पाचव्या शतकातील. बाराव्या शतकात चर्मपत्र महाग म्हणून कोणी त्यावरील शास्त्रपाठ धुऊन घासून काढला आणि त्यावर सीरियातील संत एफ्राईम यांच्या प्रबंधांचे ग्रीक भाषांतर उतरविले. २०९ पाने उरली आहेत, त्यांपैकी १४५ नव्या कराराची. १८३४ च्या सुमारास खालचा पाठ उजळावा म्हणून पानांना एक रासायनिक अर्क लावण्यात आला. अक्षरे काहीशी उजळली, पण पाने निळी-हिरवी-काळी पडली ती कायमची. पुढे टिशेनडॉर्फ यांनी डोळे शिणवून हा पाठ वाचला व नवा करार १८४३ साली छापला. ज्यांनी तो अर्क लावला त्यांचा हेतू शुद्धच होता. डागडुजीचा इतिहास शुद्ध हेतूंनी भरलेला आहे.

आपल्या शास्त्राची परंपरा या बाबतीत काय सांगते? इब्री पाठाचे राखणदार असलेल्या मासोरा-पंडितांना अनेक ठिकाणी लिहिलेला शब्द एक व वाचावयाचा शब्द दुसरा असे आढळे. लिहिलेला शब्द त्यांना चुकीचा वाटला तरी त्यांनी तो खोडला नाही. तो तसाच ठेवून वाचावयाचा शब्द समासात दिला. ‘कतीब’ आणि ‘करे’ या संज्ञा इब्री शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी भेटतात, आणि परीक्षेपुरत्या पाठ करून तो त्या विसरतो. वास्तविक दुरुस्तीचे यासारखे विनम्र शास्त्र दुसरे क्वचितच असेल. मला हे बरोबर वाटते, पण माझ्याआधीच्याने जे लिहिले ते तुझ्या डोळ्यांपुढून नाहीसे करण्याचा मला अधिकार नाही, असे ते पुढील वाचकास सांगते.

चौथ्या शतकातील सीनाय-संहितेत हेच दुसऱ्या रीतीने दिसते. गेथशेमाने बागेत देवदूताने प्रभूस शक्ती दिली व त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा झाला, ही लूक २२:४३-४४ मधील वचने मूळ लेखकाने लिहिली. एका संशोधकाला ती पाठात नसावीत असे वाटले. त्याने ती खरवडून काढली नाहीत, केवळ रद्द केल्याच्या खुणा केल्या. कालांतराने दुसऱ्या संशोधकाने त्या खुणाच काढून टाकल्या. त्यामुळे आज आपल्यापुढे तिघांचेही मत आहे, आणि या वचनांविषयीचा वाद त्या तिघांना विचारून आपण करू शकतो. पहिल्या संशोधकाच्या हाती खोडरबर असता तर प्रश्न त्यानेच कायमचा मिटविला असता.

येथे कोणी कलस्सैकरांस पत्राचा २:१४ हा दाखला पुढे करील, की आपल्याविरुद्ध असलेला हस्तलेख देवाने पुसून टाकला तर पाळकाने पेन्सिलीच्या रेघा पुसल्यास बिघडते कोठे? यास उत्तर इतकेच की तेथे पुसले गेले ते ऋणपत्र. मागील पिढीच्या धर्मशिक्षकाने आपल्याविरुद्ध असे काही लिहून ठेवलेले नाही. पुसण्याचा दुसरा दाखला यिर्मया ३६ मध्ये आहे, आणि तो अधिक लागू पडतो. यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसून गुंडाळीचे रकाने चाकूने कापीत गेला. त्या अध्यायाच्या शेवटी बारूखाने ती सर्व वचने पुन्हा लिहिली व तशी आणखी पुष्कळ वचने त्यांत घालण्यात आली.

आता आपल्या घरच्या ग्रंथांकडे वळू. १८०४ साली लंडन येथे बायबल सोसायटी स्थापन झाली तेव्हा शास्त्र टीपा व भाष्य न घालता छापावे हा तिचा मूलभूत नियम होता. त्यामागे कारण होते. जिनिव्हा-बायबलाच्या समासातील टीपांनी इंग्लंडात एवढी राजकीय तेढ माजविली होती की १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत राजा जेम्सने त्यांचा निषेध केला, आणि १६११ चे भाषांतर मतप्रतिपादक टीपांविना निघाले. वेगवेगळ्या पंथांस एकत्र काम करावयाचे तर समास कोराच ठेवणे भाग होते. मराठी शास्त्राच्या पुष्कळ आवृत्त्या याच धोरणाखाली आल्या, आणि आपल्या उपदेशकांच्या हाती कोऱ्या समासाचा ग्रंथ पडला. त्या समासात जे लिहिले गेले ते वाचकांनी. आपल्या मंडळ्यांत अर्थ कसा सांगितला गेला, याचा बराचसा पुरावा छापील भाष्यांत नसून त्या पेन्सिलीच्या नोंदींत आहे.

ही गोष्ट महाराष्ट्राच्या सीमेबाहेरील मराठी मंडळ्यांस विशेष लागू आहे. बेळगावकडे वापरल्या गेलेल्या प्रतीत एखाद्या कठीण शब्दापाशी कानडी प्रतिशब्द, गोव्याकडील प्रतीत रोमी लिपीत लिहिलेली कोंकणी, हैदराबादेस तेलुगू वा उर्दू, बडोद्यास गुजराती, असे समासात सापडणे स्वाभाविकच आहे. तो प्रतिशब्द म्हणजे एका धर्मशिक्षकाने आपल्या श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून केलेले भाषांतर होय. ‘नीतिमान ठरणे’ हे त्याने कसे सांगितले? ‘प्रायश्चित्त’ या शब्दाने हिंदू श्रोत्याचा जो समज होई तो टाळण्यासाठी त्याने काय योजना केली? पंडिता रमाबाईंचे भाषांतर १९२४ साली केडगावी पुरे छापून निघाले. कोणी ते सोसायटीच्या भाषांतराशी ताडून पाहत शब्द टिपून ठेवले असतील, तर त्या नोंदीस विद्यापीठातील प्रबंधाइतके मोल आहे. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ पुन्हा छापता येते व छापले गेलेही आहे. ते वाचून एका अनामिक उपदेशकाने समासात जे लिहिले ते मात्र एकाच प्रतीत आहे, आणि ती प्रत आपण ‘दुबार’ म्हणून काढून टाकतो.

छापील प्रत कोठे तरी राहीलच हा भरवसाही आपल्या इतिहासाने खोटा ठरविला आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिहींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने उतरविलेल्या नकलांतून, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी तो छापला. आपले आद्य पुराण वापरलेल्या, हाताळलेल्या, लिहिलेल्या कागदांनी वाचविले.

डागडुजी करूच नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. फाटके पान सांधले पाहिजे, सुटलेली शिवण घातली पाहिजे, वाळवी लागलेला पुठ्ठा बदलला पाहिजे. प्रश्न एवढाच की पुस्तक टिकविण्यासाठी काय करावयाचे आणि केवळ डोळ्यांस बरे दिसावे म्हणून काय करावयाचे.

सर्वांत मोठा शत्रू खोडरबर नव्हेच. तो बाजारातील बाइंडरचे कटिंग मशीन होय. पुस्तक नव्याने बांधावयास दिले म्हणजे बाइंडर पाने सारखी दिसावीत म्हणून तिन्ही बाजूंनी थोडे थोडे कापतो. त्यात त्याचा दोष नाही, हे त्याच्या कामाचे वळणच आहे, आणि कडा सरळ नसल्या तर गिऱ्हाईक तक्रार करते. परंतु समासातील नोंद नेमकी तेथेच असते. ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरे जातात व राहिलेला मजकूर कोड्यासारखा होतो. दुसऱ्यांदा बांधताना उरलेलेही जाते. म्हणून पुस्तक देताना ‘कापू नये’ असे तोंडी सांगून भागत नाही. तशी चिठ्ठी आतल्या पानास जोडावी, आणि शक्य तर शिवण घालीपर्यंत स्वतः तेथे बसावे. पाळकास एवढी फुरसत नसते हे खरे, पण ग्रंथालयाच्या मदतनीसास ती काढून देता येते.

शाई उडविण्याच्या द्रवांविषयी थोडक्यात सांगतो. ब्लीचिंग पावडरचे पाणी डाग घालविते ते कागदाच्या तंतूंची ताकद घेऊन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ घातलेला, आधीच आम्ल आणि ठिसूळ असतो. असा कागद या पाण्यात घातला की काही वर्षांत दुमडताच मोडू लागतो. ऑक्झॅलिक आम्लाने जुनी लोहयुक्त शाई नाहीशी होते, म्हणजे टीप तर जातेच, आणि आम्ल मागे राहते. बॉलपेनच्या रेघेवर स्पिरिट लावल्यास ती न निघता पसरते. गंमत अशी की आपण ज्या पेन्सिलीवर प्रथम हात टाकतो तिचे शिसे कागदास काहीच अपाय करीत नाही, आणि खोडताना मात्र जुन्या कागदाचा पापुद्रा निघतो.

चिकटपट्टीने सांधलेली पाने तर प्रत्येक सेमिनरीत आहेत. तिचा डिंक पिवळा, मग तपकिरी होऊन अक्षरांत शिरतो आणि पट्टी स्वतः गळून पडते. गेल्या शतकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा ॲसिटोनच्या साहाय्याने हातानेच पानावर बसविण्याची रीत तयार झाली. यंत्र लागत नसल्यामुळे ती आपल्याकडे पुष्कळ पसरली व त्या काळी तिने अनेक जीर्ण कागद वाचविलेही. परंतु ती उलटविणे कठीण जाते. आज प्रमाणपत्रांच्या दुकानात जे गरम प्लास्टिक लावून मिळते ते तर जुन्या पानास कधीही लावू नये. त्याऐवजी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ पुरते; पाण्याचा हलका हात लावला की ती पुन्हा सुटते, हा तिचा मोठा गुण. कुरडयांसाठी गव्हाचा जो चीक आपल्या घरी काढतात, त्याच जातीचे हे सत्त्व. किडीच्या भीतीने खळीत मोरचूद घालण्याची जुनी सवय मात्र सोडावी, कारण त्यातील तांबे कागदाचा नाश लवकर करते.

खुणा राखण्याविरुद्ध दोन आक्षेप खरोखर विचारार्ह आहेत. पहिला असा की मागील वाचकाच्या अधोरेखा नव्या वाचकाची दृष्टी बांधून टाकतात. विद्यार्थी मूळ वाचण्याऐवजी रेघा वाचतो. हे सत्य आहे, आणि म्हणूनच अभ्यासिकेत कोरी प्रत असावी. दोन्ही प्रती ठेवाव्यात, एक वाचावयास व एक साक्षीस.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. पाळक स्तोत्रांच्या समासात कधी माणसांची नावे लिहितो. एखाद्या शोकस्तोत्रापाशी एक नाव व तारीख, ५१ व्या स्तोत्रापाशी दुसरे नाव. त्या घरची माणसे अद्याप मंडळीत असतात. पापकबुलीच्या संस्कारात ऐकलेले तर कोठेही लिहिलेच जाऊ नये, हा नियम स्पष्ट आहे; पण आजाऱ्याच्या भेटीत, भांडणाच्या मध्यस्थीत जे कळले त्याची पुसट खूण समासात राहून जाते. असा ग्रंथ उघड्या फडताळात ठेवणे हा विश्वासघात होय, आणि या एका कारणासाठी खोडण्याची बाजू घेणाऱ्यांविषयी आदर वाटतो. तथापि मार्ग दुसरा आहे. अशी प्रत बांधून, तीवर कारण न लिहिता केवळ ‘अमुक सालापूर्वी उघडू नये’ असे लिहून, प्राचार्यांच्या कपाटात ठेवावी. नावे असलेल्या माणसांचे आयुष्य संपून पुढली पिढी येईपर्यंत, म्हणजे साठ-सत्तर वर्षे, ती तशीच राहू द्यावी. पुसलेले नाव कोणाचेच रक्षण करीत नाही. तिरप्या प्रकाशात ते पुन्हा वाचता येते हे वर सांगितलेच आहे.

राहिली नोंदवहीची गोष्ट. आपल्या ग्रंथालयांच्या नोंदींत लेखक, ग्रंथ, साल व किंमत हे रकाने असतात. ‘स्थिती’ या रकान्यात ‘खराब’ किंवा ‘चांगली’ असे लिहिले जाते, आणि खुणांची प्रत अपरिहार्यपणे ‘खराब’ ठरते. त्या रकान्यात आणखी एक ओळ मावते: पूर्वीच्या मालकाचे नाव असल्यास ते, कोणत्या मंडळीतून प्रत आली ते गाव, नोंदी शाईच्या की पेन्सिलीच्या, कोणत्या भाषेत, आणि कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत. एका प्रतीस दहा मिनिटे लागतात. पावसाळ्यापूर्वी कपाटे रिकामी करून पुस्तके उन्हे दाखवावयास काढतात तेव्हा हे काम आरंभावे, म्हणजे दुबार प्रतींची यादी रद्दीवाल्याकडे जाण्याआधी ती एकदा कोणी तरी वाचलेली असेल.